तेरड्याचं उलटं पान

लिही गो, पण मी बोलते तसंच लिही, मधी सुधारत बसू नको. तुझी शाळा चौथी आणि माझी पण चौथी, तेव्हा चुका झाल्या तर दोघींच्या मिळून झाल्या. तू माझी धाकटी जाऊ, लग्न होऊन आलीस त्याला दहा वर्षं होत आली, आणि माझ्यासमोर दहा वाक्यं सलग बोलली असशील तर शपथ. आणि आता म्हणतेस ताई, तुमचं सगळं मी वहीत लिहून काढते, कुणाला दाखवणार नाय. बरं, नको दाखवूस. मी शेवंता, हे तरी लिही पहिल्यांदा.

माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातली वाडी, चौदा उंबरे. वारा त्या बाजूचा असला की कशेडीच्या घाटात ट्रक कण्हत चढताना ऐकू यायचे, तेवढाच काय तो आम्हाला जगाचा आवाज. शाळा वाडीत चौथीपर्यंत. पाचवीला खाली पोलादपूरला उतरायचं, दीड तास, आणि पावसात मधे ओढा. आय म्हणाली सही करता येते ना, बस झालं. मला वाईट वाटलं का? नाय वाटलं, खोटं कशाला सांगू. शाळेत मला आवडायचं ते एकच, पाटीच्या कडेकडेने नक्षी काढायची, आणि त्याच्यासाठीच गुरुजींचा मार खायचे.

पण जे मला पुढे कामाला आलं ते मी आयच्या पाठीमागे बसून शिकले. आय सारवायची. सगळ्यांच्याच आया सारवायच्या, पण माझ्या आयचं सारवण बघायला शेजारणी यायच्या. शेण पातळ कालवायची, हात पसरायची आणि मागच्या भिंतीपासून सुरुवात करायची, अर्धा गोल फेर, मग दुसरा फेर पहिल्याच्या कडेवर चढवायचा, तिसरा दुसऱ्याच्या, माशाच्या खवल्यासारखे, आणि मागे मागे सरकत दारापर्यंत यायची. वाळल्यावर तू बघितलंस तर कुठून सुरुवात केली, कुठे दम घेतला, कुठे परत शेण कालवलं, काय पण सांगता यायचं नाय. सगळी जमीन एका हाताने एका दमात केल्यासारखी. फक्त दारापाशी एक फेर उलटा असायचा. सगळ्यांची तोंडं आत आणि त्या एकाचं बाहेर. मी लहान, मी विचारलं, आय, हा एकच उलटा का गो? आय म्हणाली नजर लागू नये म्हणून. पोराच्या गालाला तीट लावतात, तशी ही जमिनीची तीट.

ते माझ्या डोक्यात असं बसलं, असं बसलं म्हणून सांगू. दारात रांगोळी काढली की मी एक ठिपका मुद्दाम चुकवायची. भाकऱ्यांची चवड झाली की शेवटची भाकरी कडेला जराशी फाडायची. सासूबाई म्हणायच्या माहेरी हिला भाकरी शिकवली नाय. मी दुसऱ्या दिवशी परत फाडायची. नजर लागण्यापेक्षा बोलणी खाल्लेली बरी.

लग्न होऊन मी महाडात आले. आमचे हे कापडाच्या दुकानात, तुला माहीत हाय, पण लिही. गादीवर बसतात ते शेठ, आणि तागे उलगडतात ते आमचे हे. दिवसभर गिऱ्हाइकापुढे तागा फर्रकन टाकायचा आणि पसंत नाय पडला की हसत गुंडाळायचा, ह्या माणसाचा राग तेव्हाच संपला असणार, घरी कधी दिसला नाय. आम्ही बाजारपेठेच्या मागे एका खोलीत राहायचो. खाली शहाबादी लादी. सारवायचं काय? माझ्या हाताला कामच उरलं नाय. मग हे दुकानातून कतरणी आणायचे, छापील कापडाच्या, त्यांची मी गोधडी शिवायची.

एकदा पडद्याचं कापड आलं. दोन पाट, म्हणजे दोन पट्ट्या, शेजारी जोडायचे तर फूल फुलाला मिळायला पाहिजे, नायतर गिऱ्हाईक पडदा घेऊन परत येतं. ते मला हे समजावत होते, बोट ठेवून, बघ हे फूल इथे, परत इथे, परत इथे, चित्र एकच हाय, तेच पुन्हा पुन्हा येतं, तागा कितीही लांब असू दे. मी म्हटलं मग जोड कुठे हाय? म्हणाले कुणास ठाऊक. मी ती कतरण खिडकीत उजेडाला धरून दुपारभर बघितली, जोड काय सापडेना. आयच्या सारवणासारखं. म्हटलं हे काढतं कोण? हे म्हणाले मशीन काढते. मी म्हटलं आणि मशीनला कोणी दाखवलं? ह्यांनी कतरण माझ्याकडून घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, एवढी वर्षं कापड विकतोय, पण हा प्रश्न एकाही गिऱ्हाइकाने विचारला नाय.

त्या दिवसापासून माझ्या मनात ते लागलं. कुठेतरी कुणीतरी माणूस बसलेला हाय आणि तो हे काढतो. मग मी का नको?

कोकण रेल्वे सुरू झाली त्याच्या आगेमागे महाडात करंदीकर बाईंनी कापडछपाईचा वर्ग काढला. शाळेत चित्रकला शिकवायच्या, निवृत्त झाल्या, घरामागे भाताची जुनी कोठी होती ती रिकामी केली आणि तिच्यात लांबलचक टेबल घातलं. छपाईला पांढरं कापड घ्यायला त्या दुकानात आल्या आणि ह्यांनी ऐकलं. घरी येऊन म्हणाले, मशीनला दाखवणारी बाई सापडली, जा. मी कसली जाते! दोन दिवस नुसती कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी हे मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, आता मला दुकान उघडायचंय, मी वळून बघणार नाय, तू परत आलीस तरी मला दिसणार नाय. आणि खरंच वळले नायत. मग परत येण्यात काय मजा? गेले आत.

आत दहा बायका. बाई म्हणाल्या, काय येतं तुला? मी म्हटलं नक्षी. त्यांनी कागद पेन्सिल दिली, मी एवढा जोर दिला की दोनदा टोक तुटलं आणि तिसऱ्यांदा कागद फाटला. बायका खुसखुसायला लागल्या. बाई म्हणाल्या, मग कशाने काढतेस? मी हात दाखवला. बाईंनी काय करावं? कापडाला लावायची खळ होती बादलीत, ती टेबलावर ओतली आणि म्हणाल्या, काढ. मी पदर खोचला. पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली आणि फेरावर फेर, फेरावर फेर, मागे सरकत सरकत टेबल संपेपर्यंत. वर बघितलं तर सगळ्या भोवती उभ्या. बाई चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, जोड कुठे आहे? मी म्हटलं जोड नसतो बाई, कडेवर कड चढवायची. बाई म्हणाल्या, उद्यापासून वेळेवर ये.

आता कात्रीचं सांगते. पहिलं मोठं चित्र मी केलं ते करवंदीच्या जाळीचं, आठ दिवस लागले, तोपर्यंत पेन्सिल जरा वळायला लागली होती. बाईंनी हातात घेतलं, छान म्हणाल्या, आणि कात्री आणून मधोमध उभं कापलं. मग आडवं कापलं. काय सांगू तुला, माझ्या पोटात कळ आली. चार तुकडे. मग ते डावीकडचे उजवीकडे ठेवले, वरचे खाली ठेवले आणि मागून चिकटवले. आता चित्राच्या बाहेरच्या कडा मधे आल्या आणि मधे सगळं रिकामं. बाई म्हणाल्या, हे मधलं भर, बाहेरच्या कडेला हात लावू नकोस, तिथे आता कात्रीने कापलेल्या कडा आहेत, त्या एकमेकींना आपोआप मिळतात. आणि मला दिसलं गो! झाडावरचं आंबाडं पानात लपलेलं असतं आणि एकदा दिसलं की मग तेच दिसतं, तसं. त्या पडद्याच्या कापडातला जोड मला घरी जाऊन दहा मिनिटात सापडला. मी ह्यांना हाक मारली, हे जेवत होते, तसेच उष्ट्या हाताने उठून आले बघायला.

मग बाई म्हणाल्या, आता ओळीखाली ओळ सरळ नको, अर्ध्यावर सरकवा. बायकांना कळेना. मी म्हटलं, चिऱ्याची भिंत बांधतात तशी, खालच्या दोन चिऱ्यांच्या जोडावर वरचा चिरा. बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, हे मला मुंबईला शिकवायला दोन महिने घेतले होते.

वर्गात एक रजनी होती. गावातली, दहावी झालेली, ब्लाउज शिवायची, रेघ अशी सरळ मारायची की दोरी लावून बघ. आणि जिभेलाही तशीच धार. तिचं चित्र चौकड्यांचं, साफ, नेटकं. मी काढलं तेरड्याचं. भादव्यात आमच्याकडे गौर तेरड्याचीच आणतात, सगळा डोंगर गुलाबी होतो, फुलाला मागे ती बारीकशी शेपटी, पानाला करवतीसारखे दात. रजनीने बघितलं आणि म्हणाली, अगं शेवंता, तेरड्याचा रंग तीन दिवस! सोमवारी चादर घ्यायची आणि गुरुवारी पांढरी अंथरायची. सगळ्या हसल्या, मी पण हसले, काय करणार? बाईंनी काय केलं? माझा छापलेला नमुना घेतला, बादलीत बुडवला, साबण लावला आणि म्हणाल्या, रजनी, ये, तूच चोळ. रजनीने चोळला, आपटला, पिळला, बांगड्या खळखळ वाजत होत्या. पाणी तसंच स्वच्छ. शेवटी हात वर करून म्हणाली, बाई, माझ्या हाताची मेंदी गेली, हिचा तेरडा काही जात नाही. तशी ती दिलदार गो, हरली की स्वतःच पहिली हसायची.

गौरी-गणपती झाल्यावर बाईंच्या ओळखीचे मुंबईचे एक व्यापारी आले. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, ज्या चित्रावर ते बोट ठेवतील त्याच्या साठ चादरी छापायच्या, आणि जिचं चित्र ती इथून पुढे डिझाइन करणार, बाकीच्या छापणार. चार कागद मांडले. माझा तेरडा शेवटी होता. त्यांनी पहिले तीन बघितले, चौथ्यावर आले, बोट ठेवलं आणि म्हणाले, हे. दिवाळीच्या आधी गुरुवारी घेऊन जातो म्हणाले. एवढंच. ह्यांनी त्या दिवशी जिलबी आणली, आणि दुकानात कुणी तागा मागितला की म्हणायचे, थांबा काही दिवस, आमच्या घरचं कापड येतंय.

तर आता माझी चूक ऐक. दसऱ्यानंतर मी शेवटचं चित्र पारदर्शक कागदावर उतरवत होते. फुलांचा एक कागद, पानांचा एक. त्याच्यावरून बाई लाकडी चौकटीतल्या जाळीवर मसाला लावून उन्हात चित्र उठवायच्या, आणि ती जाळी कापडावर ठेवून वरून रंग ओढायचा. माझं सगळं काढून झालं. लांब धरून बघितलं. इतकं चांगलं झालं होतं गो, की मला भीती वाटली. माझ्या हातून इतकं चांगलं आजवर काय झालं नव्हतं. म्हटलं नजर लागणार. मग मी एक पान पुसलं आणि त्या जागी उलटं काढलं. सगळ्या पानांची टोकं वर आणि त्या एकाचं खाली. तीट. कुणाला सांगितलं नाय, बाईंना पण नाय.

छपाई सुरू झाली. टेबलाला दोन्हीकडे दोघी, जाळी ठेवायची, रंग ओढायचा, उचलायची, पुढे ठेवायची. छापताना लक्ष सगळं खुणेवर, जाळी खुणेला बरोबर बसली का, पान उलटं की सुलटं कोण बघतंय? एक झाली, दोन झाल्या, संध्याकाळपर्यंत नऊ चादरी अंगणात दोऱ्यांवर वाळत घातल्या. रजनी पायरीवर चहा पीत बसली होती. म्हणाली, काय गं, ह्या मुंग्या कुठे चालल्यात? मी म्हटलं कुठल्या मुंग्या? म्हणाली, चादरीवरच्या. मी लांब जाऊन उभी राहिले आणि बघितलं. माझं उलटं पान. जाळी जितक्या वेळा ठेवली तितक्या वेळा आलेलं, आणि अर्ध्यावर सरकवून छापलेलं म्हणून तिरक्या रांगेने, ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, खरंच मुंग्या चालल्यासारखं. फुलं दिसेनात, पानं दिसेनात, आधी डोळा त्या रांगेवरच. नऊच्या नऊ चादरींवर.

बाई बाहेर आल्या. त्यांना सांगावं लागलं नाय. म्हणाल्या, शेवंता, हे चुकून झालं? चुकून म्हटलं असतं तर सुटले असते, पण मला खोटं बोलायला सुचायलाच वेळ लागतो. मी म्हटलं नाय बाई, नजर लागू नये म्हणून मुद्दाम केलं. मग बाई म्हणाल्या, अगं, तीट एका गालाला लावतात. तू बाळाला सगळ्या अंगभर लावलीस.

तेवढं पान जाळीवर बुजवून टाकलं तर? तर पानाची जागा रिकामी राहणार आणि रिकाम्या जागांची रांग दिसणार. म्हणजे पानांचा कागद नवा पाहिजे, जाळी नवी पाहिजे. तो शुक्रवार, आणि पुढच्या गुरुवारी व्यापारी येणार. रजनी म्हणाली, बाई, माझ्या चौकड्यांची जाळी तयारच आहे, त्यांना पत्र टाका, तेच घेतील. तिचं काय चुकलं? मी तिच्या जागी असते तर मी पण बोलले असते. बाईंनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, सोमवारी सकाळी नवा कागद माझ्या हातात पडला तर तेरडा, नाही पडला तर चौकडे. आणि जिचं चित्र तीच डिझाइन करणार, ते ठरलेलं आहे.

आता तू म्हणशील एक पान सुलटं काढायचं, त्याला कितीसा वेळ? दहा मिनिटं. पण घरी कागद पुढे घेऊन बसले आणि हात उठेना. बाकी सगळं उतरवलं, त्या एका पानाशी आले की हात थांबायचा. तीट नाय लावली आणि काय झालं तर? व्यापारी आलेच नाय तर? कोठी पेटली तर? हे बघत होते. म्हणाले, हे तुला शिकवलं कोणी? म्हटलं आयने. म्हणाले, मग आयलाच विचारून ये, उद्या सकाळची एसटी हाय.

शनिवारी मी पोलादपूरला उतरले आणि चढून वाडीत गेले. आय पडवी सारवत होती, दिवाळीचं. पाठ माझ्याकडे, मागे सरकत सरकत दाराशी येत होती. मला बघून म्हणाली, अगो तू? भांडून आलीस काय? मी म्हटलं नाय, आणि सगळं सांगितलं, तेरडा, साठ चादरी, मुंग्या, सोमवार. आणि म्हटलं आय, एवढ्या खेपेला तीट नाय लावली तर चालेल काय? आय म्हणाली कसली तीट? मी म्हटलं तूच सांगितलंस, उलटा फेर, जमिनीची तीट. आय हात तसाच शेणात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग जी हसायला लागली, जी हसायला लागली, कपाळावर आलेले केस मनगटाने मागे सारी आणि परत हसे. म्हणाली, अगो येडे, दाराशी आले की माझा एक पाय उंबऱ्याबाहेर जातो, हाताला जागा राहात नाय, मग शेवटचा हात उलटा पडतो. तू चार वर्षांची, सारखी का गो का गो, डोकं उठवायचीस, म्हणून सांगितलं नजर. पोरीला काय सांगू, आयला नीट वळता येत नाय?

काय म्हणू मी! वीस वर्षं भाकऱ्या फाडत होते गो मी.

आम्ही दोघी हसून हसून दमलो. शेजारीण विचारायला आली काय झालं, तर आयने तिला पण सांगितलं, मग ती पण हसायला बसली. मग आयने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, पण एक ध्यानात धर, उलटा हात पडतोच पडतो. पण कधी? बाहेर पडताना. एकदाच. तू तर सबंध घरभर उलटे हात मारत सुटलीस. ये, हे दारातलं तू सारव. मी चप्पल काढली, बसले, शेवटचे चार फेर मी घातले, आणि बाहेर पडताना माझा पण हात उलटा पडला. मुद्दाम नाय. पडलाच.

रविवारी परत येऊन ते पान सुलटं काढलं. दहा मिनिटं पण नाय लागली. सोमवारी उजाडल्या उजाडल्या बाईंच्या दारात. बाई मंजन करत होत्या, तशाच बोटाने खूण केली, टेबलावर ठेव. ऊन चांगलं होतं, जाळी दुपारपर्यंत तयार झाली, आणि मग आम्ही सगळ्या पाळ्या लावून रात्रंदिवस जुंपलो. रजनी सगळ्यात पुढे. म्हणाली, आता तुझीच जत्रा आहे तर ढोल मी वाजवते. बुधवारी संध्याकाळी साठावी चादर दोरीवर गेली. मी लांब जाऊन उभी राहिले. मुंग्या नायत, रांग नाय, जोड नाय, नुसता भादव्याचा डोंगर.

मग मी बाईंना म्हटलं, बाई, एक मागू? प्रत्येक चादरीच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात, शिवणीच्या जवळ, एक पान मला कुंचल्याने उलटं काढू द्या. एकदाच. बाईंच्या कपाळाला आठी पडली. मग मी त्यांना आयचं सांगितलं, उंबऱ्याचं, आणि भाकऱ्यांचं पण. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून. म्हणाल्या, काढ, पण हात हलला तर बघ. पन्नासेक झाल्यावर हात खरंच हलायला लागला तेव्हा रजनीने कुंचला ओढून घेतला, म्हणाली दे इकडे, आणि शेवटच्या आठ-दहा तिने काढल्या. मला विचारत होती, हे उलटं की सुलटं? हिच्या चौकडीला ना वर ना खाली, हिला कुठे माहीत!

गुरुवारी व्यापारी आले, मोजून घेऊन गेले. त्या पानाकडे त्यांचं लक्ष पण गेलं नाय. पण शिमग्याच्या आधी निरोप आला, आणखी पाठवा. आणि बाईंनी कोठीच्या आतल्या बाजूला खिडकीपाशी एक लहान टेबल ठेवलं, त्याच्यावर दुसऱ्या कुणी काही ठेवायचं नाय. ते माझं.

मग काय, किती काढली! कुड्याची फुलं, भाताची लोंबी, दासगावच्या खाडीतल्या होड्या. एक खेकड्याचं पण काढलं होतं, ते कुणी घेतलं नाय, पण मला आवडतं. रजनीचे चौकडे पण पुढे छापले, टेबलावर अंथरायला, आणि चांगले खपले. आमचे हे अजून तागे उलगडतात. गिऱ्हाइकाने कापड बघून कुणी काढलं असेल हो असं विचारलं, तर तोंडभरून सांगतात. कुणी विचारत नाय ती गोष्ट वेगळी. मग हे स्वतःच विचारतात आणि स्वतःच सांगतात.

आता बाई थकल्या, खुर्चीत बसून बघतात, वर्ग मीच घेते. पोरी येतात त्या कम्प्युटर शिकलेल्या. मला म्हणतात ताई, कात्री कशाला, एक बटण दाबलं की जोड जुळतो. मी बघून आले, खरंच जुळतो, मी टाळ्या वाजवल्या. पण पहिलं चित्र मी त्यांचं कात्रीनेच कापते. पोटात कळ आल्याशिवाय जोड कळत नाय. आणि आयच्या घरात आता नक्षीची लादी बसली. लादी बसवणाऱ्याला आय म्हणाली, दारातली एक उलटी बसव. तो म्हणाला आजी, चुकीचं दिसेल. आय म्हणाली, चुकीचं दिसत नाय, मी बाहेर कुठून पडायचं ते दिसतं. बसवली त्याने.

त्या नऊ मुंग्यांच्या चादरी आम्ही आपापसात वाटून घेतल्या. एक आयकडे हाय. एक तुझ्याकडे हाय, तुझ्या लग्नात मीच दिलेली, आणि तू बिचारी, ही रांग कसली म्हणून कधी विचारलं पण नाय. आज कळलं ना? अंथर ती आता, पेटीत ठेवून काय लोणचं घालायचंय?

झालं, एवढंच. पोरी चित्रं काढतात, कापड वाळतं, आमचे हे हसतात, आय शंभर वर्षं जगू दे आणि तुझ्या हाताला पण असंच काम मिळू दे. दाखव बघू वही. अगो, किती भरभरून लिहिलंस! अक्षर चांगलं हाय तुझं, उगाच लाजतेस. फक्त ही शेवटची ओळ तिरकी गेली. राहू दे, खोडू नको, बाहेर पडताना जातेच. ऊठ, कापडं काढायचीत, चल माझ्याबरोबर.